जुन्या बाटल्यांचे दादरे

चौकात जांभळं आलीत. दरवर्षी येतात, त्यात नवल काय? पण यंदा पहिली पाटी दिसली आणि मी थबकले, मग सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागले. पाटीवाली बाई राधानगरीकडची. वर्षानुवर्षं आमच्यासाठी म्हणून ती निवडक फळ पळसाच्या पानाखाली झाकून ठेवायची. तिनं मला बघितलंच. अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ बाई! तिकडनं कुठं चाललाय? सायबांस्नी सांगा की, माल आलाय म्हनून!"

साहेब, म्हणजे आमचे हे, गेल्या दिवाळीच्या आधीच गेले, हे रस्त्याच्या ह्या कडेवरून त्या कडेला ओरडून कसं सांगणार? मी नुसता हात हलवला. तिला वाटलं, उद्या येते म्हणतेय. "बरं बरं, ठेवते मग!" म्हणाली. आता उद्या तिला सांगायचं, मग ती डोळ्याला पदर लावणार, मग मलाही लावावा लागणार. नको ते. मी आता काही दिवस त्या चौकातून जाणारच नाही.

जांभळाचा हंगाम मला कधीच गोड गेलेला नाही. लोकांच्या जिभा जांभळ्या होतात, पोरं एकमेकांना जिभा काढून दाखवतात, मधुमेहवाले बिया वाळवत बसतात. आमच्या घरी मात्र ह्या दिवसांत पिंप धुतलं जायचं, साखरेचं पोतं यायचं, आणि पुढचा महिना-दीड महिना नवरा माझा नसायचा. तो त्या पिंपाचा असायचा. गेलं साल सोडलं तर लग्न झाल्यापासून एकही हंगाम चुकला नाही. मी शाळेत मुलांना निबंधाला 'आमच्या घरातील सण' असा विषय द्यायची, तेव्हा मनात म्हणायची, आमच्या घरातला सण मी लिहिला तर हेडमास्तर घरी पाठवतील.

कारण आमच्या घरात दारू व्हायची. हे त्याला वाईन म्हणायचे, सासूबाई शेजाऱ्यांना सांगताना औषध म्हणायच्या, आणि मी दारूच म्हणायची. आम्ही शिवाला मानणारी माणसं. माझं माहेर सीमेकडचं, अर्धं बोलणं कानडीतलं. माहेरी कांदा चिरतानासुद्धा विचार करायचे, आणि सासरी मोरीशेजारी पिंपात जांभूळ फसफसतंय! लग्नानंतर माझी आई, आमची अव्वा, पहिल्यांदा इथं आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "काय गं हे? घर हाय का गुत्ता?" जावयानं अगदी शांतपणे तिला समजावलं, की ही प्यायची नाही, ही ठेवायची असते. अव्वाला ते आणखीच भयंकर वाटलं. प्यायचीच नसेल तर करायची कशाला?

ह्या नादाचं मूळ सांगते. हे एका डेअरीच्या लॅबमध्ये होते. यंत्रं नंतर आली. तेव्हा थेंबभर दूध जिभेवर घेऊन हे सांगायचे, की म्हैस उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, आहे की ओल्या गवतावर, कॅन नीट विसळलाय की नाही. त्या जिभेचा सगळ्या डेअरीत बोलबाला. आमच्या लग्नाच्या सुमाराला तिथं यंत्र बसवायला कोणी परदेशी पाहुणा आला होता, त्यानं जाताना ह्यांना जुन्या लाल वाईनच्या दोन बाटल्या चाखायला दिल्या. दोन्ही एकाच मळ्याच्या, फक्त सालं वेगळी. हे घरी आले ते वेड लागल्यासारखे. "अगं, एकच द्राक्ष, एकच माती, आणि चव साफ निराळी! एका साली ऊन लई पडलंय, एका साली पाऊस. जिभेला कळतंय! साल चाखता येतंय, अगं!" मी नवी नवरी, मला काय कळणार? मी म्हटलं, बरं. त्या एका 'बरं'वर माझं आयुष्य गेलं.

द्राक्ष ह्यांना परवडलंही असतं, पण ह्यांना इथलं साल चाखायचं होतं. म्हणून जांभूळ. एक साल राधानगरीचं, एक साल शाहूवाडीचं, कधी मुरगूडच्या बाजूचं. फळ चुरगळायचं, साखर घालायची, रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं ढवळायचं. मग गाळायचं, पुन्हा मुरवायचं, आणि शेवटी बाटल्या भरायच्या. बहुतेक बाटल्या मित्रांत वाटल्या जायच्या. मित्र रश्शावर ताव मारून वर हिचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "हे बायकांचं सरबत हाय गा. ह्यानं चढतंय काय?" हे हसायचे. पण प्रत्येक सालची एक बाटली कोणालाही मिळायची नाही. ती जिन्याखाली, पत्र्याच्या पेटीत, भाताच्या तुसात आडवी.

त्या बाटलीला बूच मारल्यावर हे त्यावर फडकं बांधायचे, लोणच्याच्या बरणीला बांधतो तसा दादरा, आणि ते बाटलीचं तोंड वितळलेल्या मेणात बुडवायचे. फडकं कसलं? माझ्या साडीचं. त्या वर्षी जी साडी विरली, तिचा चौकोन. कागद चिकटवला तर तुसात कुजतो, म्हणून ही युक्ती. ह्यांच्या डोक्यात फळाचं साल पक्कं असायचं, फडकं नुसती खूण. माझं उलटं. मला फळाशी काही देणंघेणं नव्हतं, पण पेटी उघडली की मेणाखालून माझ्या साड्या मला दिसायच्या. अबोली सिंथेटिक, मुलगा महेश पहिलीत गेला ते साल. चॉकलेटी फुलांची, माझी शाळेतली नोकरी कायम झाली ते साल. माझा अख्खा संसार त्या बाटल्यांच्या गळ्यात आवळून बांधलेला होता.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा घसा बसला. तपासण्या झाल्या, नाव निघालं ते निघालं, रेडिएशन झालं. जीव वाचला असं डॉक्टर म्हणाले. पण जीभ गेली. म्हणजे जागेवर होती, बोलत होती, चव मात्र साफ गेली. पिठलं आणि भिजलेला पुठ्ठा सारखाच. पहिल्या पहिल्यांदा मी रोज काहीतरी वेगळं करायची आणि तोंडाकडे बघत बसायची. हे गिळायचे आणि म्हणायचे, "चांगलं झालंय." एवढ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, ते चव गेल्यावर म्हणायला लागले. मी मनात म्हटलं, वा रे देवा! काय वेळ साधलीस!

गेल्या साली, ह्याच दिवसांत, पहिल्यांदाच आमच्या घरात जांभूळ आलं नाही. दांडा फिरवायची ह्यांच्या हातात ताकद नव्हती. पाटीवालीला मी खोटंच सांगितलं, यंदा गावाला जायचंय. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी हे खुर्चीतून म्हणाले, "अगं, त्या बाटल्या उघडाव्या म्हंतोय."

"उघडा की. तुमच्याच हाईत."

"मी उघडून काय करू? मला काय कळतंय? तू चाख."

मी हातातला डबा खाली ठेवला. "डोकं फिरलंय काय? गळ्यात लिंग हाय माझ्या, दिसतंय न्हवं? ते तुमचे दिनकरराव हाईत की. त्यांना बोलवा. पळत येतील."

दिनकरराव हे ह्यांचे डेअरीतले जुने सहकारी, अजून दर रविवारी येणारे. हे चिडूनच म्हणाले, "त्याची जीभ तंबाखूनं मेलीया. त्याला काय बी दे, झकास म्हनंल. तुझी जीभ हाय. आमटीत मीठ टाकायच्या आधी वासावर सांगतीस तू." घसा खरवडत एवढं बोलले आणि दम लागला. जरा थांबून म्हणाले, "गिळू नको. तोंडात घे, फिरव, थुंकून टाक. फकस्त मला सांग, कुठलं साल कसं झालंय. जायच्या आधी एवढं कळू दे की मला."

मी डबा उचलून फळीवर ठेवला. पुढे महेशनं पुण्याहून फोनवर सांगितलं, की आई, मोठे मोठे परीक्षकसुद्धा वाईन गिळत नाहीत, चाखून थुंकतातच. म्हणजे मी धर्म सांभाळत होते आणि तिकडे नकळत शास्त्रात बसत होते.

मी हो म्हटलं, पण ह्यांच्यासाठी म्हटलं असं कोणी समजू नये. माझं माझं एक कारण होतं. पेटीतली सर्वांत जुनी बाटली आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हंगामाची. त्या हंगामात आम्हाला मुलगी झाली होती. दिवस पुरे भरले नव्हते, म्हणून माहेरी न जाता इथंच दवाखान्यात. अव्वा धावत आली, येताना स्वतःच्या जुन्या इरकलाचं दुपटं शिवून घेऊन आली. हिरवं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. बाळाची पाचवी झाली. बारसं झालं नाही. त्याच्या आतच गेली. नावसुद्धा नाही तिला.

आमच्यात माती देतात. हे आणि माझे अप्पा तिला रुद्रभूमीत ठेवून आले. आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मी आतल्या खोलीत पडून होते, दार अर्धवट उघडं. हे आले, पायांवर पाणी घेतलं, बाह्या वर सारल्या आणि मोरीशेजारच्या पिंपात दांडा घालून जांभूळ ढवळायला लागले. सासूबाई काहीतरी बोलल्या. हे म्हणाले, "ढवळलं न्हाय तर बुरशी धरंल." बास. त्या दिवसापासून त्या बाळाचा विषय ह्या माणसानं कधी काढला नाही. मी काढला तर उठून जायचे. पुढे महेश झाला, तो वाढला, शिकला, नोकरीला लागला. त्याला मोठी बहीण होती, हे मीच एकदा त्याला सांगितलं. हे समोर पेपर वाचत होते. पान उलटलं फक्त.

तर मला एवढंच बघायचं होतं. बाटल्या उघडत उघडत ते साल आलं, की हे आपण होऊन तिच्याबद्दल बोलतात का. मी आठवण करून देणार नव्हते. मी नुसती चाखणार होते.

आम्ही नव्याकडून जुन्याकडे जायचं ठरवलं. वेळ दुपारची, ह्यांची झोप झाल्यावर. स्वयंपाकघराच्या दाराशी ह्यांची खुर्ची, मी ओट्यापाशी, शेजारी बेसिन. पहिल्या दिवशी मी स्टीलच्या वाटीत ओतली तर केवढे रागावले! काच पाहिजे म्हणे, रंग बघायचा असतो. मी काचेचा पेला काढला, डोळे मिटले, शिवाचं नाव घेतलं आणि घोट तोंडात घेतला. अंगावर शहारा आला.

"सांग की."

"काय सांगू? आंबट हाय."

"आंबट म्हंजे कसलं? चिंचेचं, कवठाचं, ताकाचं? आंबट काय एक असतंय होय?"

मी थुंकले, चूळ भरली, पुन्हा घेतला. "आवळ्याचं. आवळा खाऊन पानी प्यायलं की मागनं येतंय तसं. आनि शेवटाला तुरट."

ह्यांचे डोळे चमकले. बऱ्याच दिवसांनी. "बरोबर! त्या साली फळ उशिरा आलं. वरची साल जाड. मुरगूडच्या बाजूचं." आणि पाचेक मिनिटं त्या फळाबद्दलच बोलत राहिले.

मग रोज दुपारी एक. कधी बाटली दगा द्यायची, नुसता आंबट शिरका, नाकातून पाणी यायचं. "गेलं," मी सांगायची. हे मान हलवायचे, "जाऊ दे. बूच कच्चं हुतं." कधी चांगली निघायची. मला तिची भाषा येत नव्हती, मी आपली स्वयंपाकघरातली भाषा वापरायची. ही जळक्या काकवीसारखी. हिला नव्या माठाच्या पाण्याचा वास. ही पहिल्यांदा लागतच नाही, नंतर लवंग तोंडात राहिल्यासारखी बसते. ही आणि कालची बहिणी वाटतात, पण कालची अंगानं भरलेली आणि ही किडकिडीत. हे खुर्चीत पुढे सरकून, हात कानामागे धरून ऐकायचे. प्रश्न विचारायचे. थांब, परत सांग म्हणायचे. एवढी वर्षं मी ह्या घरात बोलत होते, तेव्हा माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकायला ह्या माणसाला सवड नव्हती. आता माझ्या शब्दाशब्दासाठी जीव टाकत होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग यायचा. वाटायचं, पेला भिंतीवर आपटावा.

कारण ह्यांना सगळं आठवत होतं. पाऊस कधी लागला, फळ किती दिवस टिकलं, साखर कोणत्या दुकानाची होती. आणि मला त्याच सालातलं दुसरंच सगळं आठवत होतं. पुराचं साल आलं, त्यावर माझ्या निळ्या साडीचा तुकडा. आम्ही नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला राहतो, ओढ्याचं पाणी अंगणात आलं होतं. ह्यांनी आधी बाटल्यांची पेटी वरच्या मजल्यावर नेली, मग गॅसची टाकी, मग मला हाक मारली. मी ती वाईन चाखत हे आठवत होते आणि हे म्हणत होते, "त्या साली पान्यानं फळाचा गोडवा धुऊन नेला. पातळ लागत असंल न्हवं?" पातळच होती. खोटं कशाला बोलू?

एक दिवस इस्त्रीनं जळलेल्या जांभळ्या साडीचा दादरा आला. ती साडी मी अव्वा गेली तेव्हा नेसले होते. निरोप आला तेव्हा पिंप ऐन फसफसत होतं. हे म्हणाले, तू हो पुढं, मी येतो. तिसऱ्या दिवशी आले, सगळं आटोपल्यावर. माझ्या भावानं त्यांना चहा विचारला नाही, आणि मी भावाला बोलले नाही.

ती बाटली उघडली. घोट घेतला. काय सांगू! तोवरच्या सगळ्या एकीकडे आणि ही एकीकडे. पिकलेल्या अंजिराचा गर, त्यात जुन्या लाकडी देवघराचा वास, तुरटपणा इतका सावकाश आलेला, की कधी आला ते कळू नये. थुंकवेना. पण थुंकले.

"बोल की."

"चांगली हाय."

"किती चांगली?"

"सगळ्यात चांगली. आजवरच्या."

हे लहान पोरासारखे हसले. "मला ठावं हुतं! शाहूवाडीचं ते. बारकं फळ, पन घट्ट. त्या साली मी पिंप सोडून हाललोच न्हवतो."

"ठावं हाय मला," मी म्हटलं. "त्या साली माझी अव्वा गेली."

हसू थांबलं. म्हणाले, "व्हय? त्याच साली?"

मी पेला विसळला. ह्याहून जास्त काय करणार? त्या रात्री मला वाईट वाटलं ते ह्यांच्या विसरण्याचं नव्हे. वाईट वाटलं त्या चवीचं. इतकं वाईट साल, आणि इतकं चांगलं उतरावं? मग चांगलं साल म्हणजे कोणाचं चांगलं? आभाळाचं, झाडाचं, पिंपाशी बसून राहिलेल्या माणसाचं. त्या सालात आई गमावलेल्या बाईचं बाटलीत काहीच उतरत नाही. मी जुन्या वाईनचं कौतुक करणाऱ्यांना एवढंच विचारीन, की बाबांनो, ती मुरत होती तेव्हा घरात कोण एकटं रडत होतं, ते कळतं का तुमच्या जिभेला?

यंदा दिनकरराव रविवारी अजून येतात. परवा म्हणाले, "वैनी, तुमची जीभ म्हंजे नाद खुळा! सायेब मला हास्पिटलात सांगत हुते, माझी बायको चाखती तसं कुनी चाखत न्हाय." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? दिनकरराव टोपी सारखी करत म्हणाले, "त्यांचा सभाव न्हवता वो तसा." स्वभाव! आमच्याकडे पुरुष बोलला नाही की त्याला स्वभाव म्हणतात, आणि बाई बोलली नाही की तिला समाधानी म्हणतात. मी त्यांना चहा दिला आणि साखर घालायची विसरले. त्यांनी तो झकास म्हणून प्यायला.

पेटी अजून जिन्याखाली आहे. नुसतं तूस. महेश म्हणतो, भंगारात देऊ या. देईन. घाई काय आहे?

तर ती शेवटची बाटली. गेल्या सालचा हंगाम सरत आला होता, चौकातल्या पाट्या कमी झाल्या होत्या. ह्यांचं खाणंही तोवर कमी झालं होतं, पण दुपारी खुर्चीत येऊन बसायचं चुकलं नाही. मी पेटीच्या अगदी तळातून, जिथवर माझा हात कधी गेला नव्हता, बाटली काढली, तूस झटकलं, पुसली. मेण पिवळं पडून चिरलं होतं. आणि त्या मेणाखाली हिरवा रंग होता. हिरवा, आणि कडेला तांबडा काठ.

मी जिन्याखालीच बसले. त्या दुपट्यासाठी मी किती वर्षं घर उलटंपालटं केलं होतं! सासूबाई म्हणायच्या, बाळाबरोबरच दिलं गं ते. आणि ते इथं, माझ्या पायांखाली, तुसात. दुसऱ्या कशाचा चौकोन मिळाला नसता का? का मुद्दाम हाच घेतला? मनात आलं, मुद्दामच घेतला असेल. बोलता येत नाही म्हणून बांधून ठेवला असेल. एवढी वर्षं मी ज्याला दगड म्हणत होते, त्यानं दर हंगामात पेटी उघडताना हा तुकडा बघितला असेल. मी बाटली घेऊन आत आले आणि ह्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे फडकं कुठलं?"

ह्यांनी खाली बघितलं. मेणावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"पयलं साल हे," म्हणाले. "राधानगरीचं फळ. साखर जास्त पडली हुती."

"मी फळाचं न्हाय, फडक्याचं इचारतेय."

अंगठा थांबला. वर बघितलं नाही. खरखरत्या आवाजात म्हणाले, "त्या साली घरात मऊ फडकी लई हुती."

एवढंच. त्याचा अर्थ काय घ्यायचा? आठवत होतं म्हणून म्हणाले की हाताला लागलं ते बांधलं म्हणून म्हणाले? लई हुती! हो, होती. मीच फाडली होती, सातव्या महिन्यापासून, एक एक जुनं लुगडं, उकळत्या पाण्यातून काढून. मला त्या क्षणी ह्या माणसाचा असा संताप आला, की मरणाच्या दारात बसलेल्या माणसाचा कोणाला येऊ नये. मी बाटली ओढून घेतली. सुरीनं मेण फोडलं, दोरा कापला, दुपट्याचा तुकडा सोडवून कमरेला खोचला. बूच भुगा होऊन निघालं. गाळून पेल्यात ओतली. विटेचा रंग. कडेला जवळजवळ पाण्यासारखी.

मी घोट घेतला.

चांगली होती. मेली चांगली होती! साखर जास्त पडलेली, ती सगळी आता मधात बदललेली. सुकलेल्या बकुळीचा वास. आणि अगदी शेवटी, घशाजवळ, बाळाच्या टाळूला घालतात त्या तेलासारखं काहीतरी कोमट. अव्वाच्या सालाहून चांगली. सगळ्यांत चांगली. बेसिन हातभर अंतरावर होतं. मी थुंकले नाही. त्या हंगामात पहिल्यांदा आणि आयुष्यात एकदाच, मी ती गिळली.

"कसं लागतंय?" ह्यांनी विचारलं.

"कडू."

"कडू?" हे पुढे सरकले. "कडू कसं हुईल? जांभूळ तुरट हुतंय, आंबट हुतंय. कडू हुईत न्हाय. नीट चाख."

"नीटच चाखलीय," मी म्हटलं. "कडू हाय."

मग ह्यांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी थेंबसुद्धा वर्ज्य सांगितला होता, घसा आतून सोललेला. मी पेला दिला. का दिला ते विचारू नका. हे सगळा प्यायले, एकेक घोट, थांबत थांबत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, घशाला आग लागली असणार. पेला रिकामा करून गुडघ्यावर ठेवला. ज्या जिभेला वर्षभर मीठ आणि साखर वेगळी कळली नव्हती, त्या जिभेनं ओठ पुसले, आणि हे माझ्या कमरेला खोचलेल्या हिरव्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "व्हय. कडूच हाय."

आमच्या लेकीबद्दल हे आयुष्यात एवढंच बोलले, आणि तेही माझाच शब्द उचलून.